डॉ. कमलाबाई सोहोनी : प्रयोगशाळेतून स्वयंपाकघराकडे

वालाचे बिरडे आपल्यापैकी अनेकींच्या घरी होते. आदल्या दिवशी वाल भिजत घालावे, उपसून मोड आणावे, कोमट पाण्यात टाकून सोलावे आणि मग चांगले मऊ होईतो शिजवावे, हा क्रम आपण आईकडून किंवा सासूबाईंकडून शिकलो. वाल कच्चे राहिले तर बाधतात, हेही त्यांनीच सांगितले. ते का बाधतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि आपणही कधी विचारले नाही. घरात चालत आलेली रीत म्हणून आपण ती पाळली, एवढेच.

हा साधा प्रश्न एका मराठी बाईने मुंबईच्या प्रयोगशाळेत नेला. आपल्या सहकाऱ्यांसह त्यावर काम केले. त्यातून निघालेले उत्तर १९५५ साली इंग्लंडातील 'नेचर' ह्या जगप्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिकात छापून आले. त्या बाई म्हणजे डॉ. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत ह्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. कमलाबाईंचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींच्या कानांवर आले असेल. म्हणून मंडळाच्या ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ओळख करून देण्याचे योजिले आहे. भगिनींनो, ही केवळ एका हुशार स्त्रीच्या यशाची कहाणी नव्हे. दार लावून घेतले गेले असता काय करावे, आणि ते उघडल्यावर आत जाऊन काय करावे, ह्या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या योजनेतून १९०९ साली बंगलोरास जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, त्या संस्थेचे हे दोघे जुने विद्यार्थी. तेव्हा मुलीने रसायनशास्त्र शिकावे ह्यात त्या घराला काही जगावेगळे वाटले नाही. दोघी बहिणींच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. दुर्गाबाई लोकसाहित्य आणि ललित लेखन ह्यांत रमल्या, कमलाबाई परीक्षानळ्यांत. परंतु सत्तेपुढे मान न तुकविण्याचा स्वभाव मात्र दोघींचा एकच होता. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीच्या काळात जे धैर्य दाखविले, ते सर्वांना ठाऊक आहे. धाकट्या बहिणीने तसेच धैर्य त्याच्या बेचाळीस वर्षे आधी बंगलोरास दाखविले होते. त्या प्रसंगी तिथे सभा नव्हती आणि टाळ्याही नव्हत्या.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. झाल्या. मुख्य विषय रसायन, दुय्यम विषय पदार्थविज्ञान. पुढचे शिक्षण वडिलांच्याच संस्थेत घ्यावे, ह्या हेतूने त्यांनी बंगलोरला अर्ज पाठविला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे, संस्थेचे पहिले भारतीय संचालक, साऱ्या देशाचा अभिमान. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी पडले म्हणून नाही, जागा भरल्या म्हणूनही नाही. अर्ज करणारी स्त्री आहे, एवढेच कारण.

एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय केले असते? बहुतेकींनी घरचा रस्ता धरला असता, आणि घरच्यांनी 'एवढा मोठा माणूस नाही म्हणतो, त्या अर्थी तसेच काही असेल' असे म्हणून समजूत घातली असती. कमलाबाई तडक बंगलोरास गेल्या आणि रामन ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नकाराचे कारण त्यांनी विचारले, आणि ते पटले नाही तेव्हा त्यांच्या कचेरीच्या दाराशी त्यांनी सत्याग्रह आरंभिला. तो काळ ध्यानात घ्या. तीनच वर्षांपूर्वी मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या स्त्रिया मोठ्या संख्येने घराबाहेर पडल्या होत्या. दारूच्या गुत्त्यांपुढे आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहून त्यांनी निरोधन केले होते. परक्या सरकारविरुद्ध वापरलेले तेच शस्त्र ह्या गांधीभक्त मुलीने आपल्याच देशातील एका थोर माणसाच्या दारात वापरले. अन्याय करणारा आपला आहे म्हणून तो अन्याय लहान ठरत नाही, एवढे त्या वयात तिला उमगले होते.

अखेरीस प्रवेश मिळाला, पण अटींवर. रीतसर विद्यार्थिनी म्हणून त्यांची गणना व्हायची नाही, पहिले वर्ष उमेदवारीचे राहील. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्यांच्या कामाला मान्यता नाही. आणि तिसरी अट अशी, की त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. ही तिसरी अट आपण पुन्हा एकदा वाचावी. चित्त दुसऱ्याचे, ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र हिची! आपल्या मुली आजही घराबाहेर पडताना ही अट वेगवेगळ्या शब्दांत ऐकतातच. कमलाबाईंना ती मानहानी वाटली, आणि तशी ती होतीच. पण त्यांनी अटी मान्य केल्या. अपमान गिळला असे मी म्हणणार नाही. तो त्यांनी जपून ठेवला, आणि कामाला लागल्या.

त्यांचे मार्गदर्शक श्री. श्रीनिवासय्या. विषय मिळाला तो दूध आणि डाळी-कडधान्ये ह्यांतील प्रथिनांचा. आपल्या देशातील बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस-मच्छी रोज पडत नाही, प्रथिनांसाठी भिस्त डाळींवर. तेव्हा डाळीत खरोखर प्रथिन किती, हा प्रश्न मोठा. पदार्थात नायट्रोजन किती आहे हे मोजावयाचे आणि त्यावरून प्रथिनाचा हिशेब मांडावयाचा, अशी शास्त्रज्ञांची रीत आहे. परंतु डाळीतील सगळाच नायट्रोजन प्रथिनांत नसतो, काही भाग इतर द्रव्यांतही असतो. तो वेगळा काढला नाही तर हिशेब फुगतो, आणि कागदावर पौष्टिक दिसणारे अन्न प्रत्यक्षात तितके पौष्टिक ठरत नाही. डाळींतील ह्या 'प्रथिनेतर' नायट्रोजनावरचा कमलाबाई आणि श्रीनिवासय्या ह्यांचा निबंध १९३५ साली इंग्लंडातील जीवरसायनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३६ साली कमलाबाईंनी एम. एस्‌सी. पदवी विशेष प्राविण्यासह मिळविली.

त्याआधीच, उमेदवारीचे वर्ष संपताना, रामन ह्यांचे समाधान झाले होते. नुसते कमलाबाईंपुरते नव्हे. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीने वर्षभर मान खाली घालून काम केले, आणि मागच्या मुलींना दार मोकळे झाले. मात्र ते पुरते मोकळे झाले असे समजण्याचे कारण नाही. ॲना मणी नावाची एक त्रावणकोरची मुलगी १९४० साली रामन ह्यांच्या प्रयोगशाळेत आली. हिरे व माणके ह्यांवर तिने वर्षानुवर्षे काम केले, १९४५ साली प्रबंधही सादर केला. परंतु एम. एस्‌सी. नाही म्हणून तिला डॉक्टरेट मिळाली नाही. पुढे त्या भारताच्या हवामानखात्यात फार वरच्या पदावर पोचल्या, तरी ती पदवी काही त्यांच्या नावापुढे लागली नाही. दार उघडणे आणि आत बरोबरीची जागा मिळणे ह्यांत अंतर आहे, ते असे.

बंगलोरहून कमलाबाई १९३७ साली केंब्रिजला गेल्या. तेथील न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले, आणि जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत डॉ. डेरेक रिश्टर ह्यांनी त्यांना जागा दिली. असे सांगतात, की जागेची टंचाई असल्यामुळे रिश्टर ह्यांनी आपलेच टेबल दिवसा कमलाबाईंना वापरू दिले आणि स्वतः त्यावर रात्री काम केले. बंगलोरच्या अटी आणि केंब्रिजचे हे टेबल, दोन्ही त्यांच्या स्मरणात शेजारी शेजारी राहिले असतील तर नवल नाही.

ह्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचा प्रयोग गृहिणींनाही सहज समजण्याजोगा आहे. त्यांनी उंदरांच्या पिलांना शुद्ध केलेले प्रथिन, स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि क्षार असे सर्व घटक पोटभर दिले. पिले वाढेनात. त्यात रोज थोडेसे दूध घालताच ती वाढू लागली. दुधात असे काहीतरी सूक्ष्म द्रव्य आहे, ज्यावाचून पोट भरले तरी शरीर भरत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कामाने आहाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या काळात बहुतेक प्रयोगशाळा स्त्रियांना उंबऱ्याबाहेर ठेवीत, त्या काळात हॉपकिन्स ह्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रिया मोठ्या संख्येने संशोधन करीत होत्या. म्हणजे थोर शास्त्रज्ञ झाला की स्त्रियांविषयी दृष्टी संकुचित असायचीच, असा काही नियम नाही. दोघेही नोबेल विजेते, दोघेही आपल्या विषयातले महर्षी. फरक विद्वत्तेचा नव्हता.

रिश्टर गेल्यानंतर कमलाबाई डॉ. रॉबिन हिल ह्यांच्या हाताखाली वनस्पतींवर काम करू लागल्या. त्यासाठी त्यांनी निवडला बटाटा. प्राणिमात्राच्या पेशी अन्नातून ऊर्जा मिळवितात, ती एका लांब साखळीतून. विहिरीवर रांगेने उभे राहून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसे ह्या साखळीतील एक द्रव्य दुसऱ्याच्या हाती इलेक्ट्रॉन देत जाते, आणि शेवटी श्वासातील ऑक्सिजन तो स्वीकारतो. ह्या रांगेतील एक महत्त्वाचा गडी म्हणजे सायटोक्रोम सी. केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन ह्यांनी १९२५ साली सायटोक्रोमचे काम पुढे आणले होते. वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचे हेच यंत्र चालते, सायटोक्रोम सी तेथेही आहे, हे कमलाबाईंनी बटाट्यावरील प्रयोगांनी दाखविले. आपल्या अंगातील पेशी आणि टोपलीतील बटाट्याची पेशी एकाच पद्धतीने श्वास घेतात, असा ह्याचा साधा अर्थ. सर्व जीवसृष्टीच्या आतल्या एकीचा तो एक पुरावा होता.

अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीस पृष्ठांच्या लहानशा प्रबंधावर त्यांना १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. विज्ञानात पीएच. डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल ह्यांनी त्याआधीच, १९३१ साली, अमेरिकेत मिशिगन येथे विज्ञानाची डॉक्टरेट मिळविली होती, हेही आपण सांगितले पाहिजे. एकीचा मान वाढविण्यासाठी दुसरीचा झाकावा, असे करू नये. आणि केंब्रिजचेही सर्व काही आलबेल होते असे नाही. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते १९४८ साली. तोपर्यंत स्त्रियांना पदवीचा केवळ किताब मिळे, पदवीबरोबर येणारे विद्यापीठातील हक्क मिळत नसत. म्हणजे प्रबंध मान्य, बुद्धी मान्य, पण पंगतीत पान मात्र अर्धेच!

महायुद्धाच्या त्या वर्षी, १९३९ सालीच, कमलाबाई मायदेशी परतल्या. शिकलेले ज्ञान देशाच्या उपयोगी पडावे, ही त्यांची इच्छा होती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९१६ साली निघालेले हे महाविद्यालय खास स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी होते. तेथून त्या निलगिरी पर्वतावरील कुन्नूर येथे पोषण संशोधन प्रयोगशाळेच्या साहाय्यक संचालिका झाल्या. रॉबर्ट मॅकॅरिसन ह्यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी सुरू केलेल्या कामातून ही प्रयोगशाळा वाढली, आणि हिंदी लोक जे अन्न खातात त्यात नेमके काय असते ह्याचे कोष्टक तेथेच १९३७ साली तयार झाले. पुढे १९५८ साली ती हैदराबादला गेली, आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. कुन्नूरला कमलाबाईंनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. वैद्यकाची एक वाट रोग झाल्यावर औषध देण्याची, दुसरी रोग होऊच नये म्हणून ताटाकडे पाहण्याची. कमलाबाईंनी दुसरी वाट धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

१९४७ साली त्यांचा विवाह विमागणिताचे तज्ज्ञ श्री. सोहोनी ह्यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. लग्नानंतर संशोधन सुटले, असा शेवट पुष्कळ चरित्रांना असतो. येथे तसे झाले नाही. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनाचा नवा विभाग निघाला होता. तेथे त्या प्राध्यापिका झाल्या, आणि त्यांच्या आयुष्यातील आपल्या सर्वांशी सर्वांत निकटचे काम येथेच झाले.

आता त्या वालाकडे वळू. आपण खाल्लेले प्रथिन पचविण्यासाठी स्वादुपिंडाच्या रसात ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य असते. पुष्कळशा कच्च्या कडधान्यांत असे एक द्रव्य असते, की ते ह्या ट्रिप्सिनला घट्ट धरून ठेवते आणि त्याचे काम थांबविते. मग प्रथिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडील धान्ये-कडधान्ये एकेक घेऊन त्यांत हे अडथळा करणारे द्रव्य कोठे व किती आहे, ते शोधले. वाल आणि डबल बी ह्यांतून तर ते त्यांनी स्फटिकांच्या रूपात वेगळे काढले. 'नेचर'मधील निबंध तो हाच. उष्णतेने ह्या द्रव्याचा जोर बहुतांशी नाहीसा होतो. म्हणजे सासूबाई 'चांगले मऊ शिजू दे गं' म्हणत, त्यात केवळ चवीचा विचार नव्हता. परंतु येथे एक सावधगिरी हवी. 'आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊकच होते' असे म्हणून हात झाडणे सोपे आहे. आजीला रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. कारण कळले म्हणजे रीत कोठे पाळावी, कोठे बदलावी आणि कोणते नवे धान्य कसे शिजवावे, हे ठरविता येते. रीतीला कारणाची जोड देणे, हेच कमलाबाईंच्या साऱ्या कामाचे सार आहे.

दुसरे काम नीरेचे. मुंबईकर भगिनींना नीरा केंद्रे ठाऊक आहेत. ताड, माड, शिंदी ह्यांचा रस पहाटे, आंबण्यापूर्वी उतरवावा ती नीरा. ऊन चढून आंबली की तीच ताडी. मडक्याला आतून चुना लावतात तो हे आंबणे लांबविण्यासाठी. दारूबंदीच्या त्या काळात नीरेचे पोषणमूल्य तपासावे, अशी सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी केली. कमलाबाईंच्या विभागाने ते काम कित्येक वर्षे नेटाने चालविले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहेत, आणि नीरेपासून केलेल्या गुळातही त्यांतील काही टिकतात, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया ह्यांच्या आहारात नीरा दिली तेव्हा त्यांची प्रकृती सुधारलेली दिसली. स्वस्त, जवळ उपलब्ध, आणि गरिबाला परवडणारे अन्न हेच त्यांच्या अभ्यासाचे लक्ष्य होते. ह्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईला दूध पुरविणाऱ्या आरे दूधयोजनेलाही त्यांनी सल्ला दिला. दूध नासू नये ह्यासाठीची पद्धत ठरविण्यात त्यांचा हात होता. सकाळी बाटलीतले दूध न फाटता गॅसवर चढले, ह्यामागेही एका बाईचा अभ्यास असू शकतो, हे कोणाच्या मनातही आले नसेल.

एवढे सगळे करूनही विज्ञानसंस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला येण्यास चार वर्षे विलंब लागला. अंतर्गत राजकारण आणि स्त्री म्हणून आडकाठी, अशी त्याची कारणे सांगितली जातात. १९३३ साली विद्यार्थिनी म्हणून दाराशी थांबविले, आणि पुढे आयुष्यभराचे काम पदरी असतानाही पुन्हा दाराशीच थांबविले. तरी अखेर त्या संचालिका झाल्या, आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालिका म्हणून त्यांचे नाव नोंदले गेले.

मंडळाच्या भगिनींना सर्वांत जवळची वाटेल अशी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी ग्राहकांना मार्गदर्शन करणारी एक संस्था स्थापन केली. भेसळ, खोटी वजने, फसव्या जाहिराती ह्यांविरुद्ध सामान्य गिऱ्हाइकाने कोठे जावे, ह्याचे उत्तर तोवर कोणापाशी नव्हते. ग्राहकांना कायद्याने हक्क देणारा अधिनियम १९८६ साली आला. ह्या नऊ जणी त्याच्या वीस वर्षे आधी उभ्या राहिल्या होत्या. कमलाबाई ह्या संस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी एक. १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्षही झाल्या, आणि संस्थेच्या 'कीमत' ह्या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत राहिल्या. दुधात पीठ मिसळले असेल तर आयोडीनचा थेंब टाकताच ते निळे पडते. अशा साध्या चाचण्या घरच्या घरी करता येतात, हे शहाणपण मुंबईच्या घरांत पसरविण्याचे काम ह्याच चळवळीने केले. केंब्रिजची पीएच. डी. घेतलेल्या बाईंना वाण्याच्या दुकानातील भेसळीकडे लक्ष देणे कमीपणाचे वाटले नाही. मराठी गृहिणींसाठी त्यांनी 'आहार-गाथा' हे पुस्तकही लिहिले. गंमत अशी, की लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गाबाईंनीही 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले. दोघी विदुषी भगिनी, दोघींच्या वाटा निराळ्या, पण दोघींनाही स्वयंपाकघर हे बुद्धीचे क्षेत्र आहे असे वाटले.

कमलाबाईंचे कौतुक व्हायला मात्र फार उशीर झाला. १९९७ साली भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगी बोलताना त्यांनी चौसष्ट वर्षांपूर्वीची बंगलोरची गोष्ट सांगितली. रामन थोर शास्त्रज्ञ होते खरे, पण त्यांची दृष्टी संकुचित होती, केवळ स्त्री म्हणून त्यांनी दिलेली वागणूक आपण विसरू शकत नाही, नोबेल मिळविलेला माणूस असा वागतो तर इतरांकडून काय अपेक्षा करावी, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते.

हे वाचून काहींना वाटेल, एवढे सगळे मिळाल्यावर, इतक्या वर्षांनी, जुने कशाला उगाळावे? आपल्याकडे बाईने शेवटी 'जाऊ दे, झाले गेले' म्हणावे, ह्यात तिचा मोठेपणा मानला जातो. मलाही पूर्वी तसेच वाटे. पण कमलाबाईंनी रामन ह्यांची विद्वत्ता नाकारली नाही, त्यांच्या शोधाला उणे म्हटले नाही. फक्त जे घडले ते घडले, असे त्यांनी सांगितले. त्या जर गप्प बसत्या, तर आपण एवढेच वाचले असते, की 'अमुक साली पहिल्या विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला'. जणू दार आपोआप उघडले! अटी, उमेदवारी, दाराशी बसणे, हे सगळे पुसले गेले असते. त्यांच्या आधी अर्ज पाठवून नकार घेऊन परत गेलेल्या मुली असल्या, तर त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. यशस्वी झालेल्या बाईने सांगितले नाही, तर अयशस्वी झालेल्यांच्या वतीने सांगणार कोण? म्हणून त्यांचे ते बोलणे हे सूडाचे नव्हते, ती साक्ष होती असे मी मानते.

त्यानंतर दिल्लीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या गौरवाचा समारंभ योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. मानाची शाल खांद्यावर येता येता आयुष्य संपले. ज्या वैद्यकीय संशोधनासाठी त्यांनी दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई येथे आयुष्य वेचले, त्याच्या सर्वोच्च परिषदेला त्यांची आठवण झाली ती अशी अखेरच्या क्षणी.

भगिनींनो, मंडळाचा वर्धापनदिन म्हणजे हिशेबाचा दिवस. ह्या चरित्रापासून आपण दोन लहानशा गोष्टी घेऊ या. आपल्या घरातली, शेजारची मुलगी विज्ञान शिकू म्हणाली, तर 'पुढे संसाराला त्याचा काय उपयोग?' असे तिला विचारू नये. वालापासून दुधापर्यंत संसारातील किती गोष्टींना त्याचा उपयोग झाला, हे आपण आताच पाहिले. आणि दुसरे असे, की आपल्यातल्या ज्या वडीलधाऱ्या बायकांना कधीकाळी कोण्या शाळेने, कोण्या कचेरीने, कोण्या घराने दाराशी थांबविले असेल, त्यांच्याकडून ती हकीकत ऐकून घ्यावी आणि लिहून ठेवावी. मंडळाच्या दप्तरात जमाखर्चाच्या वह्या आहेत, हळदीकुंकवाच्या याद्या आहेत. तशी एक वही ह्यासाठीही असावी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत तिच्यातील एखादी हकीकत छापता आली, तर कमलाबाईंना वाहिलेली ही शब्दांची अंजली काही अंशी तरी कामी आली असे म्हणता येईल.